आबांनी पहिला भाव घेतला

परदेशातली पहिली वाटाघाट आटोपून मी गावी आलो, तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, प्रवासाचं काही विचारलं नाही. ओट्यावर बसल्या बसल्या एवढंच विचारलं, "जनावर कुठं बांधलं व्हतं?"

"कसलं जनावर?"

"ज्याचा सौदा करायला गेलतास, त्ये."

मी समजावलं. तिथं जनावर नसतं. बाहेरून येणाऱ्या डाळीवर, तेलावर कर किती लावायचा, कुठल्या देशानं आपल्या शेतकऱ्याला किती आधार द्यायचा, यावर देशादेशांची माणसं समोरासमोर बसून बोलतात. मध्ये फक्त कागद असतो. जे अजून ठरलेलं नाही ते कागदावर चौकोनी कंसात लिहितात, आणि ठरलं की कंस काढून टाकतात.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे दात न बघताच? आन ह्येच्यासाठी इमानाचं तिकीट देतेत तुला?"

वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, आतून हसल्याचा आवाज आला. पुढं कित्येक वर्षं मी कुठल्याही देशाहून आलो की आबा तेच विचारायचे, आणि वहिनी तशाच हसायच्या.

आबा बैलबाजारातले दलाल होते. आमचं गाव माजलगाव तालुक्यातलं, दिंद्रुडच्या अंगाचं. शेत होतं, पण ज्वारी-कापसाच्या त्या तुकड्यावर घर चाललं नसतं. घर बाजारावर चालायचं. आज या गावचा बाजार, उद्या त्या गावचा. पहाटे धोतराचा सोगा खोचून, खांद्यावर पांढरा रुमाल टाकून आबा निघायचे. तो रुमाल डोक्याला गुंडाळायचा नव्हता. तो त्यांच्या धंद्याचं हत्यार होता.

आमच्याकडं बैलाचा भाव तोंडानं बोलत नसत. दलाल आधी विकणाऱ्याचा हात हातात घेई, वर रुमाल टाकी, आणि बोटांनी भाव विचारी. मग घेणाऱ्याकडं जाऊन तसंच. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा धरला की पाच. हजार की शेकडा, ते ओठातल्या ओठात. भाव पटला नाही तर बोट झटकायचं. पटला तर समोरच्याचा अंगठा दाबायचा. अंगठा दाबला की सौदा झाला, आणि त्यानंतर फिरणाऱ्याला पुढच्या बाजारात कुणी उभं करत नसे. भोवती शंभर माणसं असली तरी कुणी किती मागितले आणि कुणी कितीला सोडलं, हे रुमालाबाहेर जात नसे.

ही बोटं मी शाळेच्या आधी शिकलो. आबांनी शिकवली, आणि शिकवताना एकच नियम सांगितला: पहिला भाव घ्यायचा नाही. मनात होता त्याहून चांगला असला तरी नाही.

"कावून?" मी विचारलं होतं.

"आरं, पयला भाव घेतला की समोरच्याला झोप येत न्हाई. त्येला वाटतं, लई सांगितले आपण. न्हाई तर वाटतं, जनावरात खोट हाय. दोन येळा झटकावं मानसानं. त्येच्या जिवाला बी बरं, आन आपल्या बी."

परभणीला शेतीची पदवी घेतली, दिल्लीत अर्थशास्त्र शिकलो, आणि तिथं एका तासाला प्राध्यापकांनी फळ्यावर हीच गोष्ट समीकरणात मांडली. पहिला प्रस्ताव लगेच स्वीकारला गेला तर प्रस्ताव देणाऱ्याला त्यातून काय माहिती मिळते, अशी ती मांडणी होती. मी वहीत उतरवून घेतलं. दोन्ही गोष्टी एकच आहेत हे मला तेव्हाच कळलं होतं. त्यात मला गंमत वाटली, इतकंच.

पुढचं सगळं आयुष्य मी भावांचं काम केलं. आधी सरकारी नोकरीत, मध्ये काही वर्षं परदेशातल्या एका संस्थेत, मग पुन्हा सरकारकडं. शेतमालाचे भाव कसे ठरतात, कुणाला कळतात, कुणाला कळत नाहीत. आकड्यांच्या बाबतीत मी काटेकोर आहे, घरातले त्याला चिकट म्हणतात. मी एका अहवालात स्पष्ट लिहिलं की बाजारात झाकून भाव करण्याची पद्धत जावी, उघड लिलाव व्हावा. ते मी आबांना वाचून दाखवलं. लपवायचं कारण नव्हतं.

"झाकून भाव केला की दलाल दोन्हीकडनं खातो, आबा," मी म्हणालो.

"खातो की! तुझी फी कुठून भरली मंग?" ते डोळे मिचकावून म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "पर एक ध्यानात घे. कुनाला पोरीच्या लग्नासाठी बैल मातीमोल सोडावा लागतो. त्यो किती खाली आला, ह्ये साऱ्या गावानं कावून बघावं?"

यावर आमचं कधी एकमत झालं नाही. उघड लिलावात शेतकऱ्याला जास्त मिळतं, हे मला आजही मान्य आहे. आबांचं म्हणणंही मी खोडू शकलेलो नाही. हा कंस आमच्यात तसाच राहिला.

बाजार मात्र आमच्या वादाची वाट बघत थांबला नाही. ट्रॅक्टर आले, वैरण महागली, कायदे बदलले. मी दरवर्षी एक तक्ता करायचो, त्यात ओढकामाच्या जनावरांची एक ओळ असायची, आणि ती दरवर्षी आखडत गेली. त्या ओळीत कुठंतरी आबा आहेत, हे ती भरताना मनात येई. आबा तरीही बाजाराला जात राहिले. शेवटी शेवटी तर नुसते जाऊन लिंबाखाली बसायचे आणि चहा पिऊन यायचे.

मागच्या वर्षी त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. अंबाजोगाईला नेलं, जीव वाचला, घरी आणलं. मी रजा काढून आलो. डॉक्टर सरळ माणूस होता. तो म्हणाला, डावा हात हलतो, नजर स्थिर आहे, पण तुमचं बोलणं त्यांना किती समजतं ते मी सांगू शकत नाही. मी आबांसमोर बसून बोलत राही. ते माझ्याकडं बघत. त्या बघण्यातून काही काढता येत नव्हतं. दादा सकाळी शेतात जाताना त्यांच्या पायाला हात लावून जाई आणि वहिनी त्यांचं सगळं करत. घरात बोलणंच कमी झालं होतं.

मग माजलगावहून आबांचे बाजारातले जुने दोस्त, चाचा, आले. चाचा जन्मभर बैलांचे व्यापारी. आता पोरांनी फळांचं दुकान टाकलंय, तिथं ते गल्ल्याशेजारी बसतात. त्यांनी आणि आबांनी किती सौदे केले, ते त्या दोघांनाही सांगता आलं नसतं, पण भांडण एकाच सौद्याचं होतं. मी कॉलेजात असताना आबांनी त्यांना एक देवणी जोडी विकून दिली होती. काळ्या-पांढऱ्या चेहऱ्याची, भरल्या वशिंडाची. चाचांच्या मते त्या दिवशी आबांनी त्यांना लुटलं. आबांच्या मते चाचांना ती जोडी फुकट पडली. हे भांडण तीस-एक वर्षं प्रत्येक चहाबरोबर चालू होतं.

मोसंब्यांची पिशवी वहिनींकडं देऊन चाचा खाटेशी उकिडवे बसले.

"काय बे, बाजार सोडून हितं पडून ऱ्हायलास व्हय?"

आबा बघत राहिले. चाचांनी माझ्याकडं पाहिलं. मी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं.

"डाक्टरला काय कळतंय," चाचा म्हणाले. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, आबांच्या डाव्या हातावर टाकला, आणि स्वतःचा हात आत घातला. "देवनीची जोडी. हजारात. बोल."

काही क्षण काहीच झालं नाही. मग रुमाल हलला. नुसता थरथरला नाही, आतून कुणीतरी उचलल्यासारखा हलला. चाचांचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला.

"अरे! आजून तेवढेच?" ते ओरडले. "या अल्ला, लकवा मारला तरी भाव उतरत न्हाई ह्येचा! बेटा, बघ तुझ्या बापाला. लुटारू हाय, लुटारू!"

आबांच्या तोंडाची चालती बाजू वर गेली. वहिनी पदर डोळ्याला लावून हसत होत्या. मी उठून अंगणात गेलो आणि बराच वेळ तिथंच उभा राहिलो. त्या लुळ्या अंगाच्या आत आबा होते. सगळेच्या सगळे आत होते.

त्या दिवसापासून घर रुमालावर चालू लागलं. आबांचा डावा हात या कामाला सरावलेला नव्हता, पहिले काही दिवस बोटं अडखळायची, मग बसली. मी विचारायचो, आबा, पेज किती चमचे, आणि चार बोटं धरायचो. ते झटकायचे आणि एक धरायचे. मी तीन. ते पुन्हा झटकायचे. शेवटी दोनावर अंगठा. ओट्यावर किती वेळ बसायचं, दाढी आज की उद्या, सगळ्याचा भाव व्हायचा, आणि मी बहुतेक वेळा हरायचो.

"साऱ्या जगाशी बोलनी करून आलेत," वहिनी म्हणायच्या, "आन दोन घास पेजंला हरतेत. भावजी, तुमी तिथं बी असंच हरता व्हय?"

"तिथं आबा नसतात, वहिनी."

मला त्यांच्या होकाराचं काही नव्हतं. मी त्या झटक्याची वाट बघत असे. बोटावर तो बारीकसा, चिडका झटका बसला की वाटे, आज आबा आहेत. माणूस भाव करतो म्हणजे त्याला अजून काहीतरी हवं असतं. मी माझ्या कामात हे वाक्य वेगळ्या शब्दांत अनेकदा लिहिलं आहे. तिथं त्याचा मला कधी आधार वाटला नव्हता.

पावसाळा सरला तसे झटके कमी झाले. आधी दोनदा झटकणारे एकदाच झटकू लागले. मी वहिनींना म्हटलं, थकले असतील. वहिनी पेजेचं भांडं उचलून आत गेल्या.

माझी रजा संपत आली होती. पुण्यात माझं घर आहे, बायको तिथं असते. जवळच लकव्याच्या रुग्णांकडून रोज व्यायाम करून घेणारं एक केंद्र होतं. मी चौकशी केली, दादाशी बोललो, बायकोशी बोललो. सगळ्यांचं म्हणणं पडलं की न्यावं. फक्त आबांना विचारायचं होतं. आणि आबा पुण्याचं नाव काढू देत नसत. धडधाकट असताना एकदा चार दिवसांसाठी आले होते आणि दुसऱ्याच दिवशी बॅग भरून दारात बसले. "तुमच्या फ्लॅटात कोंबडं बी आरडत न्हाई. मानसानं उठावं कशावर?" असं म्हणून परत गेले ते पुन्हा आले नाहीत.

म्हणून मी तयारी केली. कामावरची बोलणी करताना करतो तशीच. पाच महिने मागायचे. ते झटकतील. चार, पुन्हा झटकतील. मग तीन. दोनावर आले तर आनंदानं घ्यायचं, आणि एकावर अडले तरी न्यायचं, कारण एका महिन्यातही फरक पडतो असं केंद्रातले लोक म्हणाले होते.

सकाळची न्याहारी झाल्यावर मी खाटेवर बसलो. रुमाल टाकला. वहिनी दाराशी ज्वारी पाखडत होत्या.

"आबा, पुण्याला चला माझ्यासंगं. व्यायाम करून घेतेत तिथं. महिन्याच्या हिशोबानं बोलू." आणि मी त्यांचा सगळा पंजा धरला.

त्यांनी अंगठा दाबला.

मला वाटलं, धरण्यात माझंच काही चुकलं. मी हात सोडवून पुन्हा सांगितलं. "पाच महिने, आबा. पुण्याला." पुन्हा पंजा धरला. पुन्हा अंगठा. जोर नव्हता, पण चूकही नव्हती. ते माझ्याकडंच बघत होते.

"काय म्हनले?" वहिनींनी विचारलं.

"हो म्हणाले."

"हो? कितीवर?"

"पाच."

"तुमी किती मागितले व्हते?"

"पाच."

सुपाचा आवाज थांबला. वहिनींनी सूप खाली ठेवलं, उंबऱ्यावर बसल्या आणि पदर तोंडात धरला. मी त्यांच्याकडं बघत राहिलो. क्षणभर मला खरोखर आनंद झाला होता, बायकोला फोन करायचं मनात आलं होतं. वहिनींना माझ्याआधी कळलं. आबांनी आयुष्यात कधी पहिला भाव घेतला नव्हता.

मी पुन्हा रुमालात हात घातला. "आबा, पाच नाही, दहा महिने." अंगठा. "वर्ष." अंगठा. "जाऊ द्या पुणं. पेज. सहा चमचे." अंगठा. मग मला राहवलं नाही. मी म्हणालो, "आबा, देवणीची जोडी घ्यायला आलोय. एक हजार." एक हजाराला त्या काळातही त्या जोडीचं दावं आलं नसतं असं ते स्वतः म्हणायचे. मला त्यांना चिडवायचं होतं. ते चिडले असते, त्यांनी माझं बोट उखडलं असतं, तर मी त्यांना कुठंच नेलं नसतं, आणि गुडघे टेकून माफी मागितली असती.

अंगठा.

मी चाचांना फोन केला. ते नातवाच्या मोटारसायकलवर बसून दुपारपर्यंत आले. पाणी घेतलं नाही. सरळ खाटेशी बसले आणि रुमाल टाकला.

"काय बे. ऐकतोय ते खरं का? देवनीची जोडी. चल, काढ भाव."

रुमाल हलला नाही.

"मी काढतो मंग. शंभर रुपये. देतो का बे, शंभराला? आँ? गाली दे मला! थुक माझ्या तोंडावर! शंभराला देवनी मागतोय मी!"

चाचांचा आवाज फाटला. मग ते मध्येच थांबले, आणि मला कळलं, आत अंगठा दाबला गेला होता. त्यांनी हात काढला नाही. डोकं खाटेच्या कडेला टेकवलं. उठले तेव्हा रुमाल त्यांनी आबांच्या हातावर तसाच राहू दिला. मी तो द्यायला गेलो तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. सौदा आदुरा हाय." खांद्यावर रुमाल नसलेले चाचा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. फार म्हातारे दिसले.

मी आबांना पुण्याला नेलं नाही. अंगठा दाबल्यानंतर मी सौदा मोडला. दादाला हे पटलं नाही. तो म्हणाला, ते हो म्हणाले होते ना? मी म्हणालो, हो म्हणाले म्हणूनच. त्याला नीट समजावता आलं नाही, आणि आजही मला ठामपणे सांगता येणार नाही की नेलं असतं तर काय झालं असतं. तसा हिशोब मांडायला माझ्याकडं आकडे नाहीत. मी रजा वाढवली. रोज त्यांच्या खाटेशी बसलो. काही विचारणं सोडून दिलं होतं, कारण उत्तर ठरलेलं होतं. एका दुपारी वहिनी पाणी तापवायला आत गेल्या, आणि आबा गेले. माझा हात रुमालाखाली त्यांच्या हातात होता. मी कुठलाच भाव सांगितला नव्हता.

चाचांचा रुमाल मी दिवस घातल्यावर परत करायला गेलो. त्यांनी तो घेतला, घडी घातली, आणि गल्ल्यात ठेवला. खांद्यावर टाकला नाही.

मला तेव्हापासून झोप नीट येत नाही. बायको म्हणते, डॉक्टरला दाखवा. दाखवलं. औषध चालू आहे.

यंदा मी कामावर परत गेलो. डाळींच्या व्यापाराची बोलणी होती. आमच्या बाजूचा आकडा सांगायचं काम माझ्याकडं होतं. समोर एका लहान देशाच्या प्रतिनिधी बसल्या होत्या, माझ्याच वयाच्या, एकट्याच आलेल्या. बाकीच्यांबरोबर चार-पाच माणसं होती, त्यांच्याजवळ कुणी नव्हतं. मी रिवाजाप्रमाणं चढा आकडा सांगितला. तो खाली येणार हे दोन्हीकडच्यांना माहीत असतं.

त्यांनी कागद उलटला, थोडा वेळ बघितला, आणि म्हणाल्या, "मान्य आहे."

माझ्या शेजारच्या सहकाऱ्यानं टेबलाखालून माझा गुडघा आनंदानं दाबला. अध्यक्ष कंस काढायला सांगणार, तेवढ्यात मी माझ्यासमोरची देशाच्या नावाची पाटी उभी केली. आमच्याकडं बोलायचं असलं की तसं करतात. मी म्हणालो, "आज नको ठरवायला. त्यांना विचार करायला वेळ मिळावा. उद्या पुन्हा बसू."

सहकारी माझ्याकडं बघत राहिला. अध्यक्षांनी चष्मा काढला. समोरच्या बाईंना वाटलं असावं की मला ऐकू आलं नाही. माइकजवळ वाकून त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, हळू आणि स्पष्ट.

"आकडा मान्य आहे."

"घाई नाही," मी म्हणालो. "अजून बोलू."